शिटीशिवाय मारलेली फ्री किक, गोल, आणि प्रोटेस्टचा कागद

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही उत्तर गोव्यातल्या एका क्लबचे मॅनेजर, लीगची मॅच, स्कोअर १-१, ८८व्या मिनिटाला तुमच्या बॉक्सच्या जरा बाहेर फाऊल. तुमचा कीपर पोस्टला जाऊन वॉल, म्हणजे बॉलसमोर खेळाडूंची रांग, लावतोय, तेवढ्यात समोरच्याने शिटी न वाजताच बॉल मारला, गोल झाला आणि रेफ्रीने सेंटरकडे हात दाखवला, म्हणजे गोल दिला. तुमच्याकडे मोबाईलचा व्हिडिओ आहे आणि तुम्ही विचारताय की प्रोटेस्ट, म्हणजे निकालाविरुद्ध लेखी तक्रार, टाकू का. जोडीला विचारलंत की २०२३ला केरळ ब्लास्टर्सवर असाच गोल झाला, २०२४ला कतारने लाइनबाहेर गेलेला बॉल आत ओढून भारतावर गोल केला, सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं, मग मॅच परत का खेळवली नाही.

मी पेडणे तालुक्यातला. बावीस वर्षं गोव्यात रेफ्री होतो, भातकापणी झाल्यावर मळ्यावर होणाऱ्या गावच्या टूर्नामेंटपासून ते म्हापशाचं धुळेर, वास्कोचं टिळक मैदान इथपर्यंत, कधी शिटी घेऊन, कधी असिस्टंट म्हणून झेंडा घेऊन, आणि आता नवीन पोरं मॅच करतात ती बघून त्यांचं असेसमेंट करतो. म्हणजे मी रेफ्रीच्या बाजूचा माणूस आहे हे धरूनच वाचा. पण तुमचा एक पॉइंट गेलाय आणि टेबलच्या खालच्या बाजूला असलेल्या क्लबला तो एक पॉइंट म्हणजे काय ते मला माहिती आहे.

तुम्ही विचारताय की रेफ्री चुकला का. त्याचं उत्तर 'चुकला' असं आलं तरी तुमचं काम होत नाही, कारण फुटबॉलमध्ये रेफ्रीच्या बहुतेक चुका दुरुस्त होतच नाहीत, तशी सोयच ठेवलेली नाही. काही थोड्याच चुका अशा असतात ज्यांच्यावर मॅच परत खेळवली गेलीय किंवा निकाल फिरलाय. तेव्हा तुमच्या मॅचमधली चूक कुठल्या जातीची आहे ते आधी बघायला पाहिजे.

आधी शिटीचं बोलू. आपल्याकडे खेळणाऱ्यांना सुद्धा वाटतं की फ्री किकला शिटी लागतेच. नाही लागत. फाऊल दिला, बॉल जागेवर ठेवून स्थिर केला, की ज्यांच्यावर फाऊल झाला त्यांना लगेच मारायचा हक्क आहे, आणि ९.१५ मीटर लांब जायचं काम बचाव करणाऱ्यांचं, तेही स्वतःहून. वॉल लावायला वेळ मिळाला पाहिजे असं नियमात कुठेच लिहिलेलं नाही. कारण सरळ आहे, फाऊल तुम्ही केला, त्याचा फायदा म्हणून तुम्हालाच पाठीमागे जमून उभं राहायला वेळ का द्यायचा? तुमच्यापैकी कोणी मुद्दाम बॉलसमोर उभा राहून लवकर मारू देत नसेल तर त्याला यलो दाखवायची आहे.

पण शिटी लागतेच अशाही वेळा आहेत. रेफ्रीने कार्ड दाखवायला सुरुवात केली, कोणी दुखापतीने पडलाय आणि त्याच्यासाठी खेळ थांबवलाय, खेळाडू बदली होतोय, किंवा रेफ्रीने स्वतः वॉल मागे न्यायला, अंतर मोजायला घेतलं, तर मग शिटी वाजेपर्यंत कोणी बॉलला हात सॉरी पाय लावायचा नाही. त्यासाठी रेफ्री शिटी डोळ्यांसमोर उंच धरतो, दुसऱ्या हाताच्या बोटाने तिच्याकडे दाखवतो आणि मारणाऱ्याला तोंडाने सांगतो, शिटीवर. ही खूण झाली की फ्री किक आता रेफ्रीच्या ताब्यात गेली.

तुमच्या सगळ्या भांडणाचा जीव या एका खुणेत आहे. ती झाली होती का?

हे एवढं ठासून सांगतोय कारण ही चूक मी स्वतः केलीय. बरीच वर्षं झाली, क्लबांची नावं घेत नाही. पाऊस पडून गेलेला, मैदानाच्या एका टोकाला चिखल, बॉक्सच्या बाहेर पंचवीसेक यार्डांवर फाऊल दिला. बॉल मारणारा म्हणाला, सर वॉल मागे घ्या. मी हो म्हटलं, शिटी दाखवली, कीपरकडे बघून तळहात असा पुढे केला, थांब म्हणून, आणि वॉलकडे चालायला लागलो. पाच-सहा पावलं गेलो असेन, मागून बॉलचा आवाज आला. मी वळून बघतो तर बॉल जाळ्यात. कीपर पोस्टला चिकटून उभा, एक हात अजून वॉलच्या दिशेने केलेला. आणि मी गोल दिला. का दिला, तर त्या क्षणी डोक्यात एवढंच होतं की लवकर मारायचा हक्क आहे, बॉल स्थिर होता, गोल बरोबर. मीच 'थांबा' म्हटलं होतं हे डोक्यातून साफ गेलं होतं. गलका झाला, दोघातिघांनी मला घेरलं, मी मागे सरकत सरकत सेंटरला आलो आणि किक-ऑफ करून टाकला.

ते आठवलं रात्री, म्हापशाहून पेडण्याच्या कदंबाच्या बसमध्ये. खिडकीला डोकं टेकून बसलो होतो आणि एकदम माझाच तळहात डोळ्यांसमोर आला. घरी जाऊन रिपोर्ट लिहिला आणि त्यात खरं ते लिहिलं, की मी शिटीवर मारायचं असं दाखवलं होतं आणि शिटी न वाजवता झालेला गोल दिला, ही माझी चूक आहे. त्या क्लबने प्रोटेस्ट केलाच नव्हता, मुदत निघून गेली, निकाल तसाच राहिला. मला काही आठवडे मॅचेस मिळाल्या नाहीत, ते योग्यच होतं. पुढे एकदा मे महिन्यात पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीच्या, खरेदीला म्हापशाच्या बाजारात गेलो होतो, तिथे सोलां (आमसुलं) घेताना तो कीपर भेटला. भांडला नाही. एवढंच म्हणाला, सर तुम्ही माझ्याकडे बघून हात दाखवला होता, म्हणून मी बॉलकडे बघितलं नाही. ते वाक्य मी अजून नवीन पोरांना सांगतो.

आता तुमच्या व्हिडिओकडे या. फाऊलची शिटी वाजल्यापासून ते बॉल मारेपर्यंतचा तुकडा हळू करून बघा आणि बॉलकडे बघूच नका, फक्त रेफ्रीकडे बघा. शिटी उंच धरून दाखवली का? खिशाकडे हात गेला का? वॉलकडे चालत जाऊन पावलं मोजायला लागला का? की नुसता बाजूला उभा राहून दिशा दाखवत होता? तुम्ही लिहिलंय की तो 'वॉलकडे काहीतरी बोलत होता'. नुसतं बोलणं म्हणजे थांबवणं नव्हे. बरेच रेफ्री चालता चालता 'मागे व्हा, मागे व्हा' म्हणतच असतात, तेवढ्याने लवकर मारायचा हक्क जात नाही. इथे मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे, कारण चांगला रेफ्री अशा वेळी दोन्ही टीमना कळेल असं वागतो आणि कच्चा रेफ्री अर्धं बोलतो, अर्धं दाखवतो, आणि गोंधळ तिथेच होतो.

समजा खूण झाली नव्हती. मग गोल नियमाप्रमाणे आहे, वाईट वाटलं तरी. समजा खूण झाली होती आणि तरी गोल दिला. मग नियम चुकीचा लावला. पण प्रोटेस्टमध्ये ते टिकेल का, यासाठी मी एक कसोटी वापरतो, ती सांगतो, बाकी सगळी उदाहरणं तिच्यावरच घासून बघा.

रेफ्रीने मैदानात काय बघितलं याबद्दलचं त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं धरा. तुम्हाला पटत नसेल तरी धरा. आणि मग विचारा, तो सांगतो तेच घडलं असेल तर त्याचा निर्णय नियमात बसतो का? बसत असेल तर प्रोटेस्टमध्ये दम नाही. त्याचं स्वतःचंच म्हणणं धरूनही निर्णय नियमात बसत नसेल, तरच कागद हातात घ्या.

कारण नियमावलीच्या पाचव्या नियमात स्पष्ट आहे, खेळातल्या घटनांबद्दल रेफ्रीचा निर्णय अंतिम, गोल झाला की नाही आणि मॅचचा निकाल काय हे सुद्धा त्यात आलं. बॉल लाइनबाहेर गेला का, हाताला लागला का, फाऊल आत झाला की बाहेर, या सगळ्या घटना. त्यावर कमिटी बसून दुसरा निर्णय देत नाही.

आता कतारचं घ्या. ११ जून २०२४, दोहा, वर्ल्ड कप क्वालिफायर. छांगतेच्या गोलमुळे आपण १-० पुढे होतो, ७३व्या मिनिटाला आपला कीपर गुरप्रीतने अडवलेला बॉल गोललाइनच्या बाहेर गेला, तिथून तो हाश्मी हुसेनने मागे ओढला आणि युसेफ आयमेनने गोल केला, आणि पुढे आपण २-१ हरलो, तिसऱ्या फेरीचा रस्ता बंद झाला. ती मॅच मी घरी बघत होतो, बॉल बाहेर गेलेला मला पण दिसला, आमच्या म्हातारीला पण दिसला. पण कसोटी लावा. रेफ्रीच्या आणि असिस्टंटच्या मते बॉल आतच होता. बॉल आत असेल तर गोल नियमात बसतो. संपलं. त्या फेरीत व्हीएआर (व्हिडिओ बघून रेफ्रीला मदत करायची सोय) नव्हता, म्हणून त्यांनी काय बघितलं हे मैदानातच तपासायची सोय नव्हती, आणि आपल्या फुटबॉल फेडरेशनने नंतर चौकशीची मागणी करूनही निकाल तिथेच राहिला. मला राग आला होता, अजून येतो, असिस्टंट त्या लाइनच्या रेषेत पाहिजे होता आणि शंका असेल तेव्हा खेळाडू थांबलेत हे बघायला पाहिजे होतं. तरी प्रोटेस्टचा विषय तो नव्हता.

आता बंगळुरू. ३ मार्च २०२३, कांतीरवा स्टेडियम, आयएसएलची (इंडियन सुपर लीग) नॉकआउट मॅच, एक्स्ट्रा टाइमच्या सुरुवातीला बंगळुरूच्या सुनील छेत्रीने ब्लास्टर्सची वॉल लागायच्या आत फ्री किक मारून गोल केला. छेत्रीचं म्हणणं की मी रेफ्रीला आधीच सांगितलं होतं, मला शिटी नको, वॉल नको. ब्लास्टर्सचं म्हणणं की रेफ्रीने आम्हाला मागे व्हायला सांगितलं होतं, म्हणजे फ्री किक शिटीवर होती. बघा, अख्खं भांडण परत त्याच एका खुणेवर येऊन थांबलं. रेफ्रीच्या मते त्याने थांबवलं नव्हतं, मग गोल बसतो. ब्लास्टर्सचे कोच इव्हान वुकोमानोविच टीम घेऊन बाहेर गेले, मॅच बंगळुरूला दिली गेली, ब्लास्टर्सने मॅच परत खेळवायची मागणी केली ती फेटाळली, क्लबला ४ कोटी रुपये दंड आणि कोचला १० मॅचची बंदी अधिक ५ लाख दंड. क्लबचा दंड मैदान सोडल्यासाठी आहे, हे लक्षात ठेवा. तुम्ही तुमच्या पोरांना मैदानात थांबवलंत, शेवटची दोन मिनिटं आणि वरचा वेळ खेळायला लावलात, ते फार चांगलं केलंत. बाहेर पडला असतात तर आज हा प्रश्न विचारायला पण जागा राहिली नसती.

मग कसोटीत पास होणारी चूक कशी दिसते? ३ सप्टेंबर २००५, ताश्कंद, उझबेकिस्तान आणि बहरीन, वर्ल्ड कपचा प्लेऑफ. उझबेकिस्तान १-० पुढे, त्यांना पेनल्टी मिळाली, गोल झाला, पण बॉल मारायच्या आधी त्यांचाच एक खेळाडू बॉक्समध्ये घुसला होता. जपानी रेफ्रीने ते बरोबर बघितलं. तेव्हाचा नियम काय, मारणाऱ्या टीमचा माणूस घुसला आणि गोल झाला तर पेनल्टी परत मारायची. त्याने परत न मारू देता बहरीनला इनडायरेक्ट फ्री किक दिली. इथे काय घडलं यावर वादच नाही, रेफ्री म्हणतो घुसला, सगळे म्हणतात घुसला. त्याचंच म्हणणं धरूनही निर्णय नियमात नाही. फिफाने अख्खी मॅच परत खेळवली. आणि यातली वाईट गोष्ट ही की तक्रार उझबेकिस्तानची होती, त्यांना मॅच ३-० अशी मिळायला हवी होती, मिळाली मात्र परतीची मॅच, ती १-१ झाली, पुढची ०-० झाली, दोन्ही मिळून बरोबरी, आणि बाहेरच्या मैदानावर केलेल्या गोलवर बहरीन पुढे गेलं. जिंकलेली मॅच प्रोटेस्ट करून घालवली. म्हणून प्रोटेस्ट टाकण्याआधी मान्य झाला तर काय मिळेल, हेही विचारून ठेवा.

अगदी तशीच चूक २०१५च्या एप्रिलमध्ये, मुलींच्या अंडर-१९ युरोच्या क्वालिफायरमध्ये, इंग्लंड आणि नॉर्वे. इंग्लंड १-२ मागे, शेवटच्या क्षणी पेनल्टी, लिआ विल्यमसनने गोल केला, मैत्रीण आधी घुसली म्हणून रेफ्रीने गोल काढला आणि नॉर्वेला फ्री किक दिली. युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, पाच दिवसांनी दोन्ही टीमना परत मैदानावर उभं केलं आणि त्या पेनल्टीपासून पुढची १८ सेकंदं खेळवली. त्या मुलीने परत मारली, परत गोल, २-२. ती पाच रात्री कशी झोपली असेल मला कळत नाही. पण नियमाची चूक किती अचूक जागेवरून दुरुस्त करता येते त्याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

इथे थांबून तुमच्या मॅचला कसोटी लावू. रेफ्री म्हणाला की मी थांबवलं नव्हतं, तर तुमचा व्हिडिओ कितीही चांगला असला तरी भांडण घटनेवर आलं, आणि घटनेवर तो अंतिम. रेफ्रीने रिपोर्टमध्ये स्वतः लिहिलं असेल की शिटीवर मारायचं दाखवलं होतं आणि तरी गोल दिला, तर तुम्ही ताश्कंदच्या जागी आहात. म्हणजे तुमच्या प्रोटेस्टचं भवितव्य व्हिडिओपेक्षा रेफ्रीच्या रिपोर्टवर जास्त आहे. पटायला जड जातं हे, पण तसंच आहे. व्हिडिओचा उपयोग एवढाच की रिपोर्ट लिहिणाऱ्याला किंवा मॅच कमिशनरला (मॅचवर देखरेखीला नेमलेला अधिकारी) आठवण करून देता येते, प्रामाणिक माणूस असेल तर तो बघून मान्य करतो. मी बसमध्ये मान्य केलं ते व्हिडिओशिवाय.

दुसरी एक गोष्ट फार थोड्या मॅनेजरना माहिती असते आणि खरं तर ती प्रोटेस्टपेक्षा दहापट कामाची आहे. रेफ्रीला स्वतःचा निर्णय बदलता येतो, पण खेळ परत सुरू व्हायच्या आधी. एकदा किक-ऑफ झाला, थ्रो टाकला, फ्री किक मारली, की मागचा निर्णय त्याला स्वतःला सुद्धा बदलता येत नाही. ३० सप्टेंबर २०२३ला टॉटेनहॅम आणि लिव्हरपूलच्या मॅचमध्ये लुइस डियाझचा गोल ऑफसाइड दिला. व्हीएआरमध्ये बसलेल्याला दिसलं की ऑफसाइड नाही, पण त्याचा समज झाला की मैदानात गोलच दिलाय, म्हणून तो म्हणाला चेक पूर्ण. टॉटेनहॅमने फ्री किक मारली आणि मग खोलीत लक्षात आलं की केवढी मोठी चूक झाली. समोर स्क्रीन, कानात हेडफोन, सगळी टेक्नॉलॉजी, आणि करता काहीच येईना, कारण खेळ सुरू झाला होता. लिव्हरपूल २-१ हरलं. ती रेकॉर्डिंग नंतर जाहीर झाली, प्रत्येक रेफ्रीने ऐकावी अशी आहे.

तुमच्याकडे गोल झाल्यापासून किक-ऑफ होईपर्यंत मिनिटभर तरी होतं. त्या मिनिटात काय झालं ते तुम्हीच लिहिलंय, सहा-सात जण रेफ्रीच्या अंगावर गेले, एकाला यलो मिळाली. सहा जण ओरडत असताना माणूस विचार करू शकत नाही, तो फक्त स्वतःला सावरतो. आता तर २०२४पासून नियम बनवणाऱ्यांनी स्पर्धांना मोकळीक दिलीय की फक्त कॅप्टननेच रेफ्रीशी बोलायचं, युरो २०२४मध्ये तसंच केलं, आणि माझ्या मते ते खेळाडूंच्याच फायद्याचं आहे.

याचं उदाहरण परत माझंच. धुळेरला एका मॅचमध्ये बॉक्सच्या टोकाला इनडायरेक्ट फ्री किक दिली, कीपरने स्वतःच्या माणसाचा पास हाताने पकडला होता म्हणून. इनडायरेक्ट असेल तर रेफ्रीने हात वर धरून ठेवायचा, बॉल दुसऱ्या कोणाला लागेपर्यंत. मी वॉल बघत राहिलो आणि हात वर केलाच नाही. त्याने सरळ मारला, कोणाला न लागता बॉल जाळ्यात. मी गोल किक दिली, कारण इनडायरेक्ट थेट आत गेली तर गोल नाही, गोल किक. सगळे तुटून पडले, पण त्यांचा कॅप्टन, वयाने मोठा, बाकीच्यांना हाताने मागे सारून एकटा आला आणि हळू आवाजात म्हणाला, सर, हात वर नव्हता तुमचा. एवढंच. आणि मला लख्ख आठवलं, रेफ्रीने खूण केली नसेल आणि बॉल थेट आत गेला तर किक परत मारायची, नियमच आहे तसा. गोल किक अजून मारली नव्हती. मी शिटी वाजवली, असिस्टंटला जवळ बोलावून विचारलं, त्यानेही हात नव्हता म्हटलं, आणि किक परत मारायला लावली. परत मारलेली वॉलला लागून बाहेर गेली, तो भाग सोडा. त्या माणसाने चार शब्दांत मला एका मोठ्या चुकीतून बाहेर काढलं आणि स्वतःच्या टीमला हक्काचं मिळवून दिलं. तुमच्या कॅप्टनने त्या मिनिटात येऊन 'सर, तुम्ही शिटीवर दाखवलं होतं ना?' एवढं विचारलं असतं तर कदाचित, कदाचित म्हणतोय मी, गोष्ट तिथेच मिटली असती.

व्हीएआर आला की हे सगळं संपेल असं तुम्ही लिहिलंय. नाही संपणार. व्हीएआर बघतो ते मुख्यतः गोल, पेनल्टी, सरळ रेड आणि चुकीच्या माणसाला कार्ड, आणि गोलच्या बाबतीत सुद्धा आधीचा फाऊल, ऑफसाइड, हँडबॉल, बॉल बाहेर गेला का हे. कतारचा गोल त्याने नक्की काढला असता. फ्री किक शिटीवर होती की नव्हती हा रेफ्री आणि खेळाडू यांच्यातला बोलण्याचा विषय, तो कॅमेऱ्याने सुटत नाही.

चुकीच्या माणसाला कार्ड मिळालं तर मात्र नंतरही दाद मागता येते, कार्डपुरती. २०१४ला चेल्सी-आर्सेनल मॅचमध्ये हँडबॉल केला ऑक्स्लेड-चेंबरलेनने आणि रेड मिळाली गिब्सला, ती नंतर दुरुस्त झाली, ६-० स्कोअर मात्र तोच राहिला.

आणि प्रोटेस्ट खरोखर टिकतो तो कागदावरच्या गोष्टींत. सस्पेंड असलेला खेळाडू खेळवला, रजिस्ट्रेशन नीट नाही, असल्या बाबतीत. आपल्या गोव्याला याची झळ नुकतीच बसलीय. २०२४-२५च्या आय-लीगमध्ये शेवटच्या दिवशी गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सचे ४० पॉइंट, सगळ्यात वर. पण जानेवारी २०२५च्या नामधारी विरुद्ध इंटर काशी मॅचवर प्रोटेस्ट होता, नामधारीने ती २-० जिंकली होती, पण सस्पेंड असलेला खेळाडू खेळवला असा आरोप. फेडरेशनच्या शिस्तपालन समितीने एक निर्णय दिला, अपील समितीने तो फिरवला, एप्रिलमध्ये चर्चिल चॅम्पियन म्हणून जाहीर झाले, मग इंटर काशीच्या एका खेळाडूच्या रजिस्ट्रेशनचाही वाद त्यात आला, आणि प्रकरण स्वित्झर्लंडला लोझानच्या क्रीडा लवादापर्यंत जाऊन जुलैमध्ये इंटर काशी चॅम्पियन ठरले. गोवेकर म्हणून मला त्या दिवशी फार लागलं, पोरांनी मैदानावर कमावलेलं होतं ते. पण बघा, तिथे कोणी म्हणालं नाही की रेफ्रीने पेनल्टी चुकीची दिली. यलो कार्डं किती झाली आणि नाव टीम शीटवर होतं का, याला डोळ्यांची गरज लागत नाही, कागद लागतो. म्हणून तुम्ही मॅनेजर आहात तर समोरच्या टीमच्या कार्डांची वही ठेवत जा, स्वतःच्या तर ठेवाच.

आता उद्या काय करायचं ते. सगळ्यात आधी तुमच्या स्पर्धेचं रेग्युलेशन उघडा, कारण प्रोटेस्टची मुदत, फी आणि कोणाकडे द्यायचा हे प्रत्येक स्पर्धेत वेगळं असतं, आणि मुदत सहसा तासांत मोजतात, दिवसांत नाही. मुदत गेली असेल तर फी वाया घालवू नका. असेल तर कागद एका पानाचा करा. त्यात रेफ्रीने पक्षपात केला, विकला गेला असलं एकही वाक्य नको, पुराव्याशिवाय ते लिहिलंत तर कारवाई तुमच्यावर होईल आणि कमिटी पुढचं वाचणार पण नाही. मिनिट लिहा, जागा लिहा, रेफ्रीने कुठली खूण केली ते लिहा, तेरावा नियम आणि पाचवा नियम यांचा उल्लेख करा, आणि विनंती करा की याबाबत रेफ्रीचा, असिस्टंटचा आणि मॅच कमिशनरचा रिपोर्ट बघावा. मागणी एकच ठेवा. मॅच परत, तीन पॉइंट, रेफ्रीवर बंदी, सगळं एकदम मागणाऱ्याचं कोणी मनावर घेत नाही.

व्हिडिओत खूण दिसत नसेल तर मी प्रोटेस्ट करणार नाही. त्याऐवजी तोच तुकडा रेफ्रींचं काम बघणाऱ्यांकडे एका साध्या पत्रासोबत द्या, रेफ्री किती अस्पष्ट वागला हे दाखवायला. आम्ही असेसर लोक असले तुकडे खरंच बघतो आणि पुढच्या वर्गात दाखवतो, त्या पोराला त्याने जेवढं शिकायला मिळेल तेवढं दंडाने मिळणार नाही.

आणि तुमच्या कीपरला एक सांगा, मंगळवारच्या प्रॅक्टिसलाच सांगा. फाऊल झाला की पोस्टकडे जायच्या आधी रेफ्रीचा हात बघायचा. शिटी वर दिसली तर निवांत वॉल लावायची. दिसली नाही तर बॉलवरची नजर काढायची नाही, आणि कॅप्टनने मोठ्याने विचारायचं, सर, शिटीवर? रेफ्री हो म्हणाला की ते मारणाऱ्याने पण ऐकलेलं असतं.